माझ्या छातीवर शिकलेले हात

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकात घोड्यावर बसून तलवार उगारणारा नव्हे. मला घोड्यावर बसताच येणार नाही, कारण मी कंबरेपाशीच संपतो. डोके, मान, छाती आणि पोट, एवढाच माझा संसार. माझे सारे आयुष्य जमिनीवर उताणे पडून लोकांकडून छाती दाबून घेण्यात गेले. ऐकायला विचित्र वाटेल, पण मला त्याचा अभिमान आहे. एखाद्याचे हृदय अचानक बंद पडले, तर मदत येईपर्यंत त्याची छाती कशी दाबायची, हे माणसे माझ्यावर शिकतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून माझा रबरी चेहरा बाहेर निघाला, तेव्हा अगदी माझ्यासारखेच तोंड असलेले शेकडो भाऊ शेजारी रांगेत वाळत होते. एका बाईने माझ्या छातीत जाड स्प्रिंग बसवली आणि तिच्याखाली एक पत्र्याची चकती. छाती दोन इंच खोल दाबली गेली की ती चकती ‘कट्’ असा आवाज करते. त्याहून कमी दाबले तर मी गप्प. मला खोटे बोलता येत नाही, तसे माझ्याकडे खोटे कौतुकही नाही.

मला एका इस्पितळाने आणले, ते एका नर्सच्या हट्टामुळे. सगळे तिला ताई म्हणत. ताईचा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा असताना कॉलेजच्या मैदानावर धावता धावता कोसळला आणि तिथेच गेला. त्याआधी तो दोनदा असाच धावताना चक्कर येऊन पडला होता. तेव्हा घरच्यांनी ‘जागरण झालं असेल’ म्हणून कानाडोळा केला. शेवटच्या वेळी त्याच्याभोवती चाळीस माणसे उभी होती. कुणी वारा घातला, कुणी तोंडावर पाणी मारले, कुणी गाडी आणायला धावले. पण त्याच्या छातीवर कुणी हात ठेवला नाही. ठेवायचा असतो हेच कुणाला माहीत नव्हते. ताई हे सगळीकडे सांगत असे, आणि सांगताना तिचा आवाज कधी कापत नसे. फक्त ती त्या वेळी माझ्या कपाळावर हात ठेवून बसे.

तिनेच माझे नाव ‘निम्मेराव’ ठेवले. मला एका निळ्या पिशवीत घालून ती गावभर फिरली. शाळा, बसचा डेपो, बेकरी, रंगाचा कारखाना, कुठे म्हणून नाही गेलो आम्ही. मला माणसांचे चेहरे फारसे आठवत नाहीत, हात आठवतात. बेकरीवाल्याचे हात सगळ्यांत चांगले, कारण कणीक मळून मळून त्याचे खांदे तयार झाले होते. शाळेतल्या बाईंच्या हातांना खडू लागलेला असे, मग माझ्या छातीवर दिवसभर पांढरे पंजे उमटलेले राहत. एका दातांच्या डॉक्टरांनी मला दोन बोटांनी दाबले, जणू मला गुदगुल्या करायच्या होत्या. ताईने त्यांनाही सोडले नाही.

मग एके दिवशी आम्ही क्रीडागृहात आलो. मोठा लाकडी फरशीचा हॉल, दोन्ही टोकांना बास्केटबॉलच्या कड्या, वर पत्र्याचे छप्पर आणि त्यात अडकलेले तीन जुने शटलकॉक. ताईने तिथल्या समितीच्या मागे लागून तिथे एक पेटीही आणवली होती. बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देऊन पुन्हा चालू करणारी पेटी. ती उघडली की स्वतःच बोलते आणि काय करायचे ते सांगते. ताईचे म्हणणे होते, ही पेटी हॉलच्या भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगा. समितीने ती ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. चोरीला गेली तर जबाबदार कोण, असा त्यांचा प्रश्न होता.

क्रीडागृहाच्या चाव्या ज्यांच्याकडे असत, त्यांना सगळे चावीकाका म्हणत. साठीला टेकलेले, गुडघे दुखणारे, कंबरेला चाळीस चाव्यांचा जुडगा. ताईने शिकवायला घेतले तेव्हा ते सगळ्यांत मागे भिंतीला टेकून उभे होते. शेवटी ताईने त्यांना पुढे ओढलेच. ते माझ्याशेजारी कसेबसे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी माझी छाती दाबली. मी गप्प. पुन्हा दाबली. मी गप्प. खेळाडू पोरे हसू लागली.

“काका, तुम्ही दार लोटताय,” ताई म्हणाली. “हात सरळ ठेवा आणि अंगाचा भार टाका. जोरात.”

“मोडेल ना तो.”

“हा मोडत नाही. आणि खरा माणूस असेल, तर बरगडी मोडली तरी चालेल. बरगडी जुळते.”

काकांना ते काही पटले नाही. त्या दिवशी तेवीस जण शिकले आणि काका तेवढे राहिले.

पुढे इस्पितळात नवे पुतळे आले. त्यांच्या छातीत दिवे लागतात आणि ते आकडे दाखवतात. ताईची बदली दुसऱ्या विभागात झाली आणि मी क्रीडागृहातच राहून गेलो. हॉलच्या कोपऱ्यात पट्ट्यांच्या दाराचे एक लाकडी कपाट होते. त्यात फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेले चेंडू यांच्याबरोबर माझी रवानगी झाली. कुणी तरी मला पेनने मिशा काढल्या. कुणी माझ्या डोक्यावर घामट टोपी घातली. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, त्या दिवसांत मला फार वाईट वाटे. अडगळ व्हायला वेळ लागत नाही.

पण एका दुपारी, हॉल रिकामा असताना, कपाटाचे दार उघडले. काका होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, मला बाहेर काढले, ओल्या फडक्याने माझ्या मिशा पुसल्या आणि चटईवर ठेवले.

“माफ करा हं, निम्मेराव,” ते म्हणाले, आणि दाबू लागले.

त्यानंतर ते जवळजवळ रोज येत. डबा खाऊन झाला की अर्धा तास माझा. दाबता दाबता ते माझ्याशी बोलत. बायकोचे बोलत, गुडघ्यांचे बोलत, समितीचे तर फारच बोलत. एकदा म्हणाले, “हॉल माझ्या ताब्यात आहे, निम्मेराव. इथे कुणाला काही झालं, तर मी काय चाव्या मोजत बसू?” असे चार महिने गेले. मग एके दिवशी ‘कट्’ झाले. काका दचकले. पुन्हा दाबले, पुन्हा ‘कट्’. त्यांनी लागोपाठ तीस वेळा तो आवाज काढला आणि मग फरशीवर पाय पसरून बसले, एखाद्या परीक्षेत पास झालेल्या मुलासारखे. मला हात असते तर मी त्यांची पाठ थोपटली असती.

आता ज्या मुलीमुळे ही गोष्ट घडली, तिच्याबद्दल सांगतो. ती सोळा वर्षांची. तिला सगळे ‘टोळ’ म्हणत, कारण उंच, काटकुळी आणि सतत उड्या मारणारी. बास्केटबॉलच्या संघात तिच्यासारखी उडी कुणाची नव्हती. तिचे वडील शिंपी होते. संध्याकाळी दुकान बंद करून ते तिला न्यायला येत, तेव्हा त्यांच्या गळ्यात मापाची पट्टी तशीच लटकत असे. तिची नऊ वर्षांची धाकटी बहीण बाकावर बसून गृहपाठ करी आणि दर पाच मिनिटांनी ‘संपलं का गं’ म्हणून विचारी.

एकदा सरावात धावण्याच्या फेऱ्या चालल्या असताना टोळ मधेच खाली पडली. क्षणभर तिला शुद्ध नव्हती. मग ती उठली, हसली आणि पुन्हा धावायला लागली. प्रशिक्षकांनी तिला साखरपाणी दिले. काकांना मात्र चैन पडेना. धावताना आलेली चक्कर ही साधी चक्कर समजू नका, हृदय तपासून घ्या, असे ताईने सांगितले होते. काकांनी ते प्रशिक्षकांना सांगितले. प्रशिक्षक म्हणाले, तिने दुपारी डबा खाल्ला नव्हता. काका मग तिच्या वडिलांशी बोलले. वडील हसले. पोरगी घोड्यासारखी दणकट आहे, म्हणाले. आमच्या घराण्यातच आहे ते. माझा भाऊ, तिचा सख्खा काका, असाच होता, नदी पोहून पार करायचा. तो आता कुठे असतो, असे काकांनी विचारले. तो चोविसाव्या वर्षी गेला, वडील म्हणाले. पोहतानाच गेला, पायात पेटका आला असणार.

काकांनी तो विषय तिथेच सोडला. आपण चाव्या सांभाळणारे, डॉक्टर थोडेच आहोत, असे त्यांना वाटले असावे. दुसऱ्या दुपारी माझ्याशेजारी बसून ते बराच वेळ कंबरेचा जुडगा चाळत राहिले. “पोरीची ती चक्कर आणि तिच्या काकाचं पोहताना जाणं, दोन्ही मनातून जात नाहीत, निम्मेराव,” एवढेच म्हणाले.

दोन महिन्यांनी ते घडले. दुपारचे चार वाजले असतील. मी कपाटात होतो, आणि दाराच्या पट्ट्यांमधून मला हॉलचा मधला भाग दिसत होता. सामना रंगात आला होता. टोळने चेंडू घेतला, दोन पावले टाकली, आणि उडी न मारताच ती तोंडावर आपटली. चेंडू टप टप टप करत भिंतीपर्यंत गेला आणि थांबला.

प्रशिक्षक धावले. त्यांनी तिला उताणी केली, गालावर थापट्या मारल्या, नाव घेऊन हाका मारल्या. कुणी पाणी आणा म्हणाले. तेवढ्यात काका आले. मी त्यांना कधी धावताना पाहिले नव्हते.

“श्वास घेतेय ती, काका,” प्रशिक्षक म्हणाले. “बघा, तोंड उघडतेय.”

खरेच तिचे तोंड मधूनच उघडत होते, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे. काका क्षणभर वाकून पाहत राहिले.

“हा श्वास नाही,” ते म्हणाले. “ताईनं सांगितलं होतं. बाजूला व्हा.”

ते गुडघ्यांवर बसले. त्या गुडघ्यांनी त्या दिवशी तक्रार केली नाही. त्यांनी एका तळहातावर दुसरा हात ठेवला, कोपरे सरळ केली आणि मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. मित्रांनो, तो ठेका मी डोळे मिटूनही ओळखला असता. चार महिने तो माझ्याच छातीवर तयार झाला होता.

दाबता दाबताच त्यांनी संघातल्या एकीला इस्पितळाची गाडी बोलवायला सांगितले. मग एका हाताने कंबरेचा जुडगा हिसकून त्यांनी प्रशिक्षकांकडे फेकला, आणि तो हात लगेच पुन्हा जागेवर गेला.

“ऑफिसातलं कपाट. पेटी. पिवळा दोरा बांधलाय त्या चावीला.”

प्रशिक्षक धावले. आत चाव्या पडल्याचा आवाज आला, मग पुन्हा एकदा. इकडे काका मोजत होते. सत्तावीस, अठ्ठावीस. मधेच ‘कडक’ असे काही तरी वाजले, आणि काकांचा चेहरा पांढराफटक पडला. पण हात थांबले नाहीत. बाकावरची धाकटी बहीण वही छातीशी धरून उभी होती. ती रडत नव्हती. ती काकांबरोबर हळू आवाजात मोजत होती.

पेटी आली. उघडताच ती बोलू लागली, अगदी शांत आवाजात, जणू तिला कसलीच घाई नव्हती. तिने सांगितले तसे प्रशिक्षकांनी दोन चिकटपट्ट्या टोळच्या छातीवर लावल्या. पेटीने सगळ्यांना दूर व्हायला सांगितले. झटका बसला, टोळचे अंग किंचित उचलले गेले, आणि पेटीने पुन्हा दाबायला सांगितले. काका पुन्हा दाबू लागले. मिनिटभर गेले असेल, तर टोळने हात हलवला आणि काकांचे मनगट ढकलले. तिला दुखत होते. काकांनी तिच्या तोंडाजवळ कान नेला, आणि मग ते तसेच फरशीवर कपाळ टेकून बसून राहिले.

गाडी आली तेव्हा ती डोळे उघडून आईला बोलवा म्हणत होती.

त्यानंतरचे दोन दिवस काकांच्या तोंडाला चव नव्हती. तुम्हाला वाटेल, एवढे मोठे काम केल्यावर माणूस छाती पुढे काढून फिरेल. काका मात्र मला येऊन म्हणत, “निम्मेराव, मी पोरीची बरगडी मोडली हो.” तिसऱ्या दिवशी ते इस्पितळात माफी मागायला गेले. परत आले ते निराळेच. टोळने त्यांना पाहताच विचारले होते, “काका, दोन बरगड्या? एकीवर भागलं नसतं का?” मग तिच्या आईने काकांचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. तेव्हा कुठे काकांचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा टोळच्या हृदयात जन्मापासूनचा एक दोष निघाला. हृदयाचे ठोके ज्या विजेवर चालतात, ती वीज कधी कधी अडखळते. बाहेरून काही दिसत नाही. माणूस धावतो, पोहतो, उड्या मारतो, आणि एखाद्या दिवशी सगळे थांबते. छातीवर तारा लावून ठोक्यांचा आलेख काढला, तर बहुतेकदा हा दोष दिसतो. हा दोष रक्ताच्या नात्यात उतरतो, म्हणून डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचा आलेख काढला. वडिलांमध्ये दोष निघाला. धाकट्या बहिणीतही निघाला. तिला कधी साधी चक्करही आली नव्हती. दोघांनाही रोजची गोळी सुरू झाली. टोळच्या छातीत कातडीखाली एक छोटे यंत्र बसवले, जे गरज पडली तर आतल्या आत झटका देते.

सगळे संपले आणि सगळे आनंदात राहिले, असे मला म्हणायला आवडले असते. पण तीन महिन्यांनी टोळ एकटीच हॉलमध्ये आली. सरावाची वेळ नव्हती. तिने माझे कपाट उघडले, मला पाहिले, आणि माझ्या छातीवर मूठ मारली. पुन्हा मारली. मग माझ्या शेजारी फाटक्या जाळ्यांवर बसून ती रडली. काका हॉलच्या दारातून पाहत होते. ते आत आले आणि शेजारी बसले.

“सामने खेळायचे नाहीत म्हणे,” ती म्हणाली. “चालायला परवानगी आहे. चालायला, काका. मला.”

काकांनी कंबरेचा जुडगा सोडून मांडीवर ठेवला.

“मी साठ वर्षं चालतोच आहे,” ते म्हणाले. “तेवढं काही वाईट नसतं. रोज पाच वाजता मी सगळी दारं लावत फिरतो. येत जा बरोबर.”

ती लगेच हो म्हणाली नाही. दोन आठवडे आलीच नाही. मग एका संध्याकाळी आली आणि अर्ध्या चाव्या तिने हातात घेतल्या. पुढे ती सामन्यांचे गुण लिहू लागली आणि पंचांशी हुज्जत घालू लागली. तिला अजूनही वाईट वाटते, मला ठाऊक आहे. उडी मारणाऱ्या मुलींकडे ती कशी बघते ते मी पट्ट्यांमधून पाहतो. पण ती बघते आहे, हे आम्हाला पुरेसे आहे.

समितीने पेटी आता भिंतीवर टांगली आहे, कुलपाशिवाय. ती अजून कुणी चोरली नाही. संघात येणाऱ्या प्रत्येक मुलाला आता एक कागद भरावा लागतो. धावताना कधी शुद्ध हरपली का? छातीत धडधडते का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेले का? एकाही प्रश्नाला ‘हो’ असेल, तर आधी हृदयाचा आलेख, मग खेळ. प्रश्न टोळने लिहिले आणि ताईने येऊन ते तपासले.

माझे आता वय झाले आहे. गेल्या महिन्यात माझ्या छातीचे रबर फाटले, तेव्हा टोळचे वडील सुईदोरा घेऊन आले. चष्मा नाकावर ओढून त्यांनी मला इतके बारीक टाके घातले, की एखाद्या कोटालाही हेवा वाटावा. दोरा तोडला, पण ते उठले नाहीत. माझ्याकडे पाहत राहिले.

“काका, मलाही शिकवा,” ते म्हणाले.

काकांनी त्यांचे हात माझ्या छातीवर ठेवून दिले आणि कोपरे सरळ केली. वडील दाबू लागले. तीस झाले, ते थांबले नाहीत. साठ झाले. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या चेहऱ्यावर पडत होता, आणि काही थेंब घामाचे नव्हते.

“माझ्या भावाला एवढंच हवं होतं का, काका?” त्यांनी दाबता दाबता विचारले. “आम्ही सात जण होतो काठावर. त्याला बाहेर काढलं आणि त्याच्याभोवती नुसते बसून राहिलो.”

“तेव्हा तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं,” काका म्हणाले.

वडील दाबत राहिले. काकांनी त्यांना थांबवले नाही, आणि मीही त्यांच्या हाताखाली पडून राहिलो. त्या वेळी मी निम्मेराव नव्हतो. मी नदीकाठचा एक चोवीस वर्षांचा मुलगा होतो, आणि त्याचा भाऊ त्याच्यासाठी आला होता.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मला टाके घालणारे भेटले आहेत. तुम्ही आज घरी गेल्यावर एवढेच विचारा, आपल्या घरात कुणी तरुण वयात असे अचानक गेले होते का. बरोबर खेळणारा एखादा धावताना कोसळला, तर त्याला भूक लागली असेल म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या माणसाला सांगा, आणि त्याने हसण्यावारी नेले तर पुन्हा सांगा. आणि कुठे माझ्यासारखा एखादा पुतळा चटईवर पडलेला दिसला, तर लाजू नका. गुडघ्यांवर बसा आणि आपले हात त्याच्या छातीवर ठेवा.